तारेच्या दोराचे टोक

सुरतेहून बडोद्याच्या दिशेने निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उतराण मागे पडते आणि कोसाडचे लहानसे स्थानक येते. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने त्या नावाची दखल घ्यावी असे तेथे काही नाही. तथापि लोहमार्गाच्या कडेच्या खांबांकडे ज्याचे लक्ष जाईल त्याला ठराविक अंतराने एक चमत्कारिक वस्तू दिसेल. एखाद्या खांबावर कप्प्या बसविलेल्या असतात, त्यांवरून एक बारीक पोलादी दोर खाली उतरलेला असतो आणि त्याच्या टोकाला जड वजनांची उतरंड टांगलेली असते. विजेच्या गाड्यांना प्रवाह पुरविणारी वरची तार दुपारच्या उन्हात लांबते, तेव्हा ही उतरंड थोडी खाली येते. पहाटेच्या गारव्यात तार आखडते, तेव्हा ती वर चढते. तार सदैव सारखी ताणलेली राहावी म्हणून केलेली ही योजना आहे. दिवसरात्र चाललेले हे काम करंगळीसारखा दिसणारा तो दोर निमूटपणे करीत असतो.

पोलादी तारांच्या दोराविषयी बोलताना त्याच्या बळाची वाखाणणी करण्याची प्रथा आहे. रायगडावर १९९६ पासून पाळण्यात बसून जाता येते, वांद्रे-वरळीचा सागरी सेतू २००९ पासून तारांच्या जुड्यांवर तोललेला आहे, खुद्द सुरतेत तापीवर त्याच धर्तीचा पूल २०१८ साली खुला झाला. हे सारे कौतुकास्पद आहे. परंतु दोराचे बळ हे गिरणीत तयार होते आणि तेथेच मोजून येते. तो दोर प्रत्यक्ष कामाला लागतो तेव्हा त्याला कोठेतरी बांधावे लागते, म्हणजेच त्याचे टोक कोणाच्या तरी हाती येते. दोराचा खरा इतिहास त्या टोकाशी घडला, आणि तो घडविणाऱ्या माणसांची नावे फारशी कोणी लिहून ठेविली नाहीत.

कोसाडच्या शिवारातून लोहमार्ग गेला तो १८६० साली. बी. बी. सी. आय. रेल्वेचा पहिला तुकडा मुंबईत सुरू झाला असावा असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो १० फेब्रुवारी १८६० रोजी अंकलेश्वर आणि उतराण यांच्या दरम्यान, म्हणजे तापीच्या उत्तर तीरावर सुरू झाला. त्याची लांबी २९ मैल होती. मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत मार्ग जोडला जाण्यास १८६४ साल उजाडले. मधल्या मुलखात नद्या आणि खाड्या यांना तोटा नव्हता. कंपनीचे अभियंते कर्नल जॉन पिट केनेडी यांनी त्यावर एक सुटसुटीत तोड काढली होती. बिडाच्या पोकळ खांबांना खाली मळसूत्री पाते बसवायचे, ते खांब नदीच्या तळात पिरगाळून रुतवायचे, आणि त्यांवर साठ साठ फुटांच्या एकाच मापाच्या लोखंडी तुळया ठेवायच्या. सारे सुटे भाग विलायतेतून जहाजाने येत. ते पिरगाळण्यासाठी खांबाच्या माथ्याला लांबलचक दांडे बांधीत आणि त्या दांड्यांना बैल जुंपीत. तेल्याच्या घाण्याची आठवण व्हावी असेच ते दृश्य असले पाहिजे.

तुळई उचलायची, खांब उभा करायचा, होडीवरचे ओझे काठावर ओढायचे, या प्रत्येक कामात दोर हवाच. त्या काळी उचलण्याओढण्याची मुख्य साधने दोनच होती: काथ्या, ताग किंवा अंबाडी यांच्या तंतूंचा दोर आणि लोखंडी साखळी. ती हाताळणारा माणूस म्हणजे खलाशी. सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण ह्या शहराची दुसरी ओळख जहाजे बांधणाऱ्यांचे आणि हाकारणाऱ्यांचे बंदर अशी होती. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहूनच मुंबईस आले आणि मुंबईच्या गोदीचा पाया त्यांच्या हातून घातला गेला. शिडाच्या जहाजावर डोलकाठ्या उभ्या करणारा आणि परवाने चढविणारा खलाशी पुढे गोदीत आला, रेल्वेच्या पुलावर आला, गिरणीचा बाष्पक जागेवर बसवायला आला. रेल्वेच्या नोकरीत तर 'खलाशी' हे एका हुद्द्याचेच नाव होऊन बसले. त्याची बोलीही त्याच्याबरोबर आली. ओझे खाली सोडताना 'आरिया' अशी हाक पश्चिम किनाऱ्यावर ऐकू येते. 'आर्रियार' म्हणजे खाली उतरविणे ह्या पोर्तुगीज शब्दाचे ते अपत्य आहे. शिडे गेली, पोर्तुगीजही गेले. हाक मात्र यारीच्या खाली उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी राहिली.

ह्या खलाशाची सारी विद्या गाठीत होती. कोणत्या ओझ्याला कोणती गाठ, कोणती ताणाने आवळते, कोणती एका झटक्यात सुटते, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि तांडेलाकडून पोऱ्याकडे जात असे. तंतूंचा दोर गाठीला अनुकूल असतो. तो वाकतो, दबतो आणि आपल्याच अंगाला धरून राहतो. शिवाय तो तुटण्यापूर्वी सांगतो. मोटेचा नाडा झिजू लागला म्हणजे शेतकऱ्याला तो दोन दिवस आधी कळतो, तसेच हे आहे.

तारेचा दोर जन्माला आला तो समुद्रापासून दूर, जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या खाणींत. तेथे खाणी खोल खोल जात होत्या आणि ताग कुजत होता, म्हणून साखळ्या वापरीत. साखळीचा दोष असा, की तिची एक कडी तुटली की सारेच संपले. क्लाउस्थाल येथील खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी ह्या साखळ्यांची कसून परीक्षा केली. त्याच त्या साखळीवर पुनःपुन्हा ओझे चढवून आणि उतरवून त्यांनी पाहिले, आणि एकदा सहज पेलणारे ओझे हजारो वेळा पेलताना लोखंड थकते ही गोष्ट ध्यानात घेतली. त्यांनी १८३४ साली घडीव लोखंडाच्या तारांचा दोर वळविला. चार तारांचा एक पेड आणि अशा तीन पेडांचा दोर. प्रत्येक तार साडेतीन मिलिमीटर जाडीची. ह्यातील कल्पना अशी, की एक तार तुटली तरी उरलेल्या अकरा ओझे धरतात, आणि पिळामुळे तुटलेली तारही थोड्या अंतरावर पुन्हा शेजारणींच्या मिठीत सापडून कामाला लागते. पुढे रॉबर्ट न्यूऑल यांनी इंग्लंडमध्ये १८४० साली आणि जॉन रोब्लिंग यांनी अमेरिकेत १८४१ च्या सुमारास हा धंदा यंत्रावर आणला. पेडांच्या मधोमध तेलात मुरविलेला तागाचा गाभा घालण्याची रीत रूढ झाली. म्हणजे पोलादाच्या पोटात शेवटी तंतूंचा दोर राहिलाच. तो ओझे उचलीत नाही, पेडांना आधार देतो आणि आतून तेल पुरवितो.

हा नवा दोर खलाशाच्या हाती आला तेव्हा त्याची गाठीची विद्या एका दिवसात निरुपयोगी झाली. तारेच्या दोराला गाठ चालत नाही. गाठीत दोर आपल्याच जाडीएवढ्या वळणावर मोडतो, बाहेरच्या तारा ताणून तुटतात आणि आतल्या चेचल्या जातात. अशी गाठ सोडल्यावर तेथे जो मोड राहतो तो जन्मभर जात नाही. नुसता डोळा करून तो तेवढ्याच जाडीच्या खिळीवर अडकविला, तरी दोराचे बळ निम्म्यावर येते. तेव्हा टोक बांधण्याच्या साऱ्या रीती नव्याने शोधाव्या लागल्या, आणि त्या शोधाची किंमत अनेकांनी बोटे आणि प्राण देऊन भरली.

पहिली रीत विणण्याची. दोराचे टोक सोडवून पेड मोकळे करायचे, आत पन्हळीसारखी लोखंडी कडी बसवून तिच्याभोवती दोर वळवायचा, आणि टोकदार पोलादी सुळ्याने उभ्या दोराचे पेड उचकटून त्यांखालून मोकळे पेड एकेक करून पिळाच्या उलट दिशेने ओवायचे. बुगडी घालणाऱ्या सोनाराइतके हलके आणि लोहाराइतके दमदार, असे दोन्ही हात ह्या कामाला लागतात. गोदीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी पुढे ह्याचे माप ठरवून टाकले: पूर्ण पेड तीन वेळा ओवला पाहिजे, आणि नंतर निम्म्या तारा कापून आणखी दोन वेळा. त्या निम्म्या तारा कापण्यात मोठे शहाणपण आहे. विणीचा शेवट एकदम जाड न संपता उतरता संपला म्हणजे ताण एका जागी साचत नाही. चांगल्या कारागिराची वीण दोराचे सुमारे चार-पंचमांश बळ राखते, कधी त्याहून अधिक. वाईट विणीचे बळ किती ते ती सुटल्यावरच कळते.

दुसरी रीत पकडीची, ती सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अधिक चुकविली जाणारी. ह्या पकडीला दोन अंगे असतात. एक नालेसारखा वाकविलेला बोल्ट आणि दुसरी खाचा असलेली बैठक. बैठक रुंद असते, ती दोराला बसायला जागा देते. बोल्ट गोल असतो, तो दोरात रुततो. म्हणून बैठक नेहमी ओझे वाहणाऱ्या लांब दोराच्या बाजूला आली पाहिजे आणि बोल्टाचा चावा परत वळविलेल्या तोकड्या टोकाला बसला पाहिजे. उलटे केले तर जो दोर ओझे धरतो त्याच्याच तारा चेचल्या जातात. बांधकामावर फेरफटका मारणाऱ्याला एक पकड सुलटी आणि एक उलटी अशा बसविलेल्या पुष्कळदा दिसतील. कोणाला ते टापटिपीचे वाटते, पण त्यात घात आहे. अशा पकडी किमान तीन हव्यात. आणखी एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही: पहिले ओझे उचलल्यावर दोर ताणाने किंचित बारीक होतो, म्हणून घट्ट केलेले नट पुन्हा एकवार आवळावे लागतात.

तिसरी रीत शंकूची. दोराच्या टोकाच्या तारा केरसुणीसारख्या विस्कटायच्या, स्वच्छ धुवायच्या, पोलादी शंकूत ओढून घ्यायच्या आणि वर वितळलेले जस्त ओतायचे. नीट ओतलेला शंकू दोराचे संपूर्ण बळ राखतो. पण सारी भिस्त धुण्यावर असते. तारांना तेलाचा अंश राहिला तर जस्त त्यांना धरीत नाही, आणि बाहेरून शंकू कितीही सुबक दिसला तरी आतल्या पोकळीचा पत्ता डोळ्यांना लागत नाही.

टोक पक्के झाले तरी एक भूमितीचा प्रश्न उरतो. हजार किलोंचे ओझे दोन पायांच्या दोराने उचलायचे असेल आणि दोन्ही पाय सरळ उभे असतील, तर प्रत्येकावर पाचशे किलोंचा ताण येतो. पायांमध्ये साठ अंशांचा कोन झाला की तोच ताण ५७७ होतो, नव्वद अंशांवर ७०७, आणि एकशेवीस अंशांवर पुरते हजार. ओझे तेच, दोर तोच. आकडा आडवा होताच ताण दुप्पट होतो. शाळेत सदिशांची बेरीज न शिकलेला मुकादम ह्यासाठी साधे माप वापरू शकतो: दोराचा प्रत्येक पाय निदान ओझ्यावरच्या दोन पकडींमधील अंतराइतका लांब असावा. तसा असला की समभुज त्रिकोण होतो आणि कोन साठापलीकडे जात नाही. शिवाय ओझ्याच्या धारदार कोपऱ्यावर बारदानाची घडी किंवा लाकडाची फळी ठेवायची. ह्या फळीचे मोल दोन पैशांचे असते आणि ती शोधायला कोणाला वेळ नसतो.

हे ज्ञान कागदावर आले ते उशिरा. गोदीतील अपघातांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९३२ साली जिनिव्हा येथे झाला. त्याला अनुसरून हिंदुस्थानात १९३४ साली गोदी मजुरांचा कायदा मंजूर झाला. तो प्रत्यक्ष अमलात येण्यास मात्र १९४८ साल लागले. त्या चौदा वर्षांत मुंबईच्या धक्क्यांवर किती ओझी उतरली असतील ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. १९४८ च्याच कारखाने कायद्याने उचलण्याच्या साधनांची वर्षातून निदान एकदा जाणत्या माणसाकडून तपासणी बंधनकारक केली. आंतरराष्ट्रीय करारातील नियम तर कोणासही समजेल असा आहे: दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून अधिक असतील, तर तो दोर वापरू नये. सहा पेडांचा आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारांचा दोर घेतला तर तारा झाल्या ११४. दोर वीस मिलिमीटरचा असेल तर सोळा सेंटिमीटरच्या लांबीत अकरा तुटक्या तारा क्षम्य, बारावी दिसली की दोर बाद.

तारा मोजण्याचे महत्त्व किती ते दोन पुलांच्या हकिकतींवरून दिसते. न्यू यॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधला जात असता १८७८ साली असे उघडकीस आले, की तारांच्या ठेकेदाराने तपासनिसांना चांगली तार दाखवून पुलावर रद्दी तार पाठविली होती. पुष्कळशी तार तोवर दोरांत वळली गेली होती आणि ती काढणे अशक्य होते. अभियंते वॉशिंग्टन रोब्लिंग तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी हिशेब केला. मूळ योजना गरजेच्या सहापट बळाची होती, ते बळ पाचपटीवर आले होते. प्रत्येक मुख्य दोरात सुमारे दीडशे तारा अधिक घालाव्यात असे त्यांनी ठरविले, आणि त्यांचा खर्च त्या ठेकेदाराच्या माथी मारला. पूल १८८३ साली खुला झाला. ती रद्दी तार आजही त्यात आहे, आणि पूल उभा आहे.

दुसरा पूल गुजरातेतला. मोरबीच्या मच्छू नदीवरचा एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा लोकांना खुला करण्यात आला, आणि ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्याचा एक मुख्य दोर तुटला. दिवाळीच्या सुट्टीत आलेली १३५ माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. सरकारने नेमलेल्या विशेष पथकाने त्या दोराची तपासणी केली. सात पेड, प्रत्येकात सात तारा, अशा एकूण ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या. त्या बहुधा त्या संध्याकाळपूर्वीच तुटून गेल्या असाव्यात असे पथकाने नोंदविले. उरलेल्या २७ तारा त्या दिवशी तुटल्या. दुरुस्तीत पुलाचा पृष्ठभाग बदलला गेला होता आणि जुन्या लोंबत्या सळ्यांना नव्या सळ्या वितळजोडाने जोडल्या होत्या. मुख्य दोर मात्र तसाच होता. आल्बर्ट यांच्या दोराने १८३४ साली जे वचन दिले होते ते मोरबीच्या दोरानेही पाळले होते. एकेक तार जात असता बाकीच्या तारा ओझे धरून राहिल्या होत्या. दोराने वेळ दिला होता. त्या वेळात तारा मोजायला कोणी गेले नाही.

असे मोजायला फार मोठी साधने लागत नाहीत, हे जुने खलाशी जाणतात. ८ जुलै १९८८ रोजी केरळात पेरुमणच्या पुलावरून आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा बुडालेले डबे ओढून काढण्यासाठी बेपूरचे मापिळा खलाशी बोलाविण्यात आले होते. हातरहाट, कप्प्या आणि दोर एवढाच त्यांचा सरंजाम. कोकणातल्या गोदीत, बेपूरच्या वाळूवर किंवा खानदेशातून पोटासाठी सुरतेला गेलेल्या एखाद्या यारीवाल्याच्या हाती, तपासणीची रीत एकच असते. कामाला लागण्यापूर्वी हाताला जाड चामडी मोजे घालायचे, कापसाच्या चिंध्यांचा बोळा दोराभोवती धरायचा आणि दोराच्या लांबीने सावकाश ओढीत न्यायचा. जेथे तार तुटलेली असते तेथे तिचे टोक वर आलेले असते, आणि बोळ्याचा एखादा धागा तिथे अडकून राहतो. त्या जागी खडूने खूण करायची. खुणा जवळ जवळ आल्या की आठ जाड्यांचे माप घ्यायचे आणि तारा मोजायच्या. एवढ्याने बाहेरचा दोष कळतो. आत गंज आहे की काय हे पाहायचे तर ओझे उतरवून दोर ढिला करावा लागतो, आणि सुळ्याने दोन पेड किंचित अलग करून गाभ्याकडे पाहावे लागते. गाभा तेलकट आणि काळसर असेल तर पेड पुन्हा बसवून वर तेल चोळायचे. तो कोरडा पडून तपकिरी भुकटी बाहेर आली, तर त्या दोराने पुन्हा ओझे उचलायचे नसते.